रेष जुळली होती

१

ज्याने आयुष्यात एक बोल्ट कसला नाही, त्याने बोल्ट का सुटला यावर दोन पानी अहवाल लिहावा, हे मला सहन होत नाही. तसला अहवाल बुधवारी सकाळी माझ्या हातात पडला आणि समोरचा चहा तसाच राहिला.

अहवाल विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा होता. रविवारी सकाळी आठच्या सुमारास श्रद्धा नावाची शिक्षिका लोणावळ्याहून पवनानगरला निघाली होती. दुधिवरे खिंडीच्या उतारावर तिची गाडी एकाएकी डावीकडे ओढली गेली आणि डोंगराकडच्या गटारात आपटली. तिच्या मांडीचं हाड मोडलं. दरी त्या वळणावर उजव्या हाताला आहे, म्हणून ती वाचली. गाडीच्या पोटाखाली सबफ्रेम नावाची लोखंडी चौकट असते. पुढची चाकं आणि स्टिअरिंग तिच्यावर असतं आणि ती चार बोल्टांनी गाडीला धरलेली असते. त्यातला पुढचा डावा बोल्ट गाडीत नव्हता, तो शंभर पावलं मागे रस्त्यावर सापडला. बाकीचे तिन्ही सैल होते. आणि अपघाताच्या तीन दिवस आधी, गुरुवारी, नवलाख उंबऱ्याच्या सत्यमने त्याच चार बोल्टांवर काम केलं होतं. निष्कर्ष एका ओळीचा होता: गॅरेजवाल्याने बोल्ट कसलेच नाहीत.

सत्यम माझा विद्यार्थी. मी वासंती. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं मोटारदुरुस्तीचा ट्रेड शिकवला. बाईमाणूस काय गाडी शिकवणार, असं म्हणणारे पुढे त्याच बाईकडे आपली पोरं घेऊन आले. माझ्या तोंडाचा पट्टा सगळ्यांना माहीत आहे. तो सत्यमवर फारसा चालला नाही, कारण हा पोरगा पान्याला हात लावायच्या आधी दोनदा विचार करायचा.

अहवाल घेऊन आली होती त्याची बायको अपेक्षा. ती दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, ते सही करनार हायत. परवा शुक्रवारी अकराला, चौकीत. बोल्ट माझ्याकडनं सैल ऱ्हायला असं लिवून द्यायचं आनि ग्यारेज बंद करायचं. म्हंजी गाडीवाली मानसं पोलिसातली तक्रार मागं घेनार. कोंडाजी आबांनी मिटवलंय समदं."

"कोण हे कोंडाजी?"

"ह्यांचे चुलते."

"आणि सत्यमचं काय म्हणणं?"

तिने पदराने डोळे पुसले. "ते म्हनत्यात, ऱ्हायला असंल माझ्याकडनं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असेल म्हणजे काय? तू दुसऱ्यांदा तपासला नव्हतास?"

"तपासला व्हता. रेष बी मीच वडली." तिने अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "त्या रेषेनंच घात केला बाई. वाचा."

मी वाचलं. 'उरलेल्या तिन्ही बोल्टांवरील खुणेची रेष तंतोतंत जुळलेली आहे. त्यामुळे काम झाल्यानंतर बोल्टांना अन्य कोणीही हात लावलेला नाही हे सिद्ध होते.'

२

गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. मी वाकून आत गेले, या वयात, आणि त्यामुळे आणखीच चिडले.

सत्यम आणि अपेक्षा दोघंही आधी तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होती. तो बोल्ट कसायचा, ती तपासायची. तिथला एक नियम दोघांनी गॅरेजमध्ये आणला: ज्याने कसलं त्याने तपासायचं नाही. सत्यम टॉर्क रेंचने बोल्ट ठरलेल्या जोरावर कसतो, मग अपेक्षा त्याच रेंचने पुन्हा बघते आणि बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर एक सरळ रेष ओढते. बोल्ट फिरला की रेष तुटते. कारखान्यात त्यासाठी रंगाचं पेन असतं. अपेक्षा आपली नेलपॉलिश वापरते, वांगी रंगाची. सर्व्हेअर त्यावर हसला होता म्हणे. हसणाऱ्याला त्या बाटलीतलं सुद्धा काही कळत नव्हतं.

"काय काम होतं?" मी विचारलं.

"कॉलर बसिवल्या," सत्यम खाली बघत म्हणाला.

कॉलर म्हणजे काय, हे त्या अहवालात कुठेच नव्हतं. बोल्ट ज्या भोकातून जातो ते भोक कारखान्यात मुद्दाम थोडं मोठं ठेवतात, जोडणी पटकन व्हावी म्हणून. त्यामुळे चौकट केसभर इकडे-तिकडे सरकू शकते. वळणावर, खड्ड्यात, ब्रेक मारल्यावर ती सरकते, 'टक' असा आवाज येतो, स्टिअरिंग ढिलं वाटतं, चाकांची सरळ रेष बिघडते आणि टायर एका बाजूने झिजतात. कॉलर ही ॲल्युमिनियमची निमुळती कडी असते. बाजेच्या पायात पाचर ठोकतो तशी ती भोकातली फट भरते आणि चौकट बरोबर मधोमध धरून ठेवते. गाडी हातात येते. जुनी गाडी चालवणाऱ्याला तो फरक पहिल्याच वळणावर कळतो.

"कसं बसवलंस ते सांग. परीक्षा समज."

"खाली दोन जॅक लावले. चारी बोल्ट ढिले करून चौकट बोटभर खाली घेतली. परत्येक बोल्टाला वरनं एक कॉलर, खालनं एक, ग्रीस लावून. मंग रेंच शंभर न्यूटन-मीटरवर लावून चारी कसले. जोर पुरा झाला तसा रेंच कट वाजला."

"किती वेळा?"

"दोनदा. येकदा माझ्या हातात, येकदा हिच्या."

"मग सही कसली करतोस, गाढवा?"

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "त्या म्याडमचं हाड मोडलं बाई. कुनाचं तरी चुकलं असनारच न्हवं? माज्याशिवाय कुनी हात लावला न्हाई, तर मंग मीच की."

एवढ्यात कोंडाजी आले. पांढरं धोतर, गावात वजन, आवाज मवाळ. "बाई, तुमी पोराला शिकिवलं, लय उपकार झाले. आता यात पडू नका. शिकली-सवरली मानसं हायत ती. पोरानं दोन ओळी लिवून दिल्या की मिटलं."

"दोन ओळी लिहिल्यावर याच्याकडे पुन्हा कोणी गाडी आणेल?"

"शेती हाय की आमची."

या माणसाला पुतण्याची बेअब्रू चालत होती, फक्त भांडण नको होतं. भांडणाला भिणारी माणसं मला गुन्हेगारांपेक्षा जास्त राग आणतात.

"शुक्रवारी अकरापर्यंत थांबा," मी म्हटलं आणि पुन्हा शटरखालून वाकून बाहेर पडले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की माझ्याकडे दोन दिवस होते आणि पुरावा सगळा माझ्याच विद्यार्थ्याच्या विरुद्ध होता.

३

चौकीच्या आवारात ती गाडी पुढून चेंबलेली उभी होती. हवालदार धम्मदीप शिस्तीचा माणूस. तो म्हणाला, "मॅडम, तपास आमचा आहे. आणि रेष जुळली आहे, मी स्वतः पाहिली."

मी त्याच्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली. पेनने झाकणावरून बाटलीच्या मानेवर एक रेष ओढली. झाकण उलटं एक पूर्ण फेरा फिरवलं. "जुळली का?"

"जुळली."

मी बाटली आडवी केली. पाणी त्याच्या टेबलावर सांडलं आणि त्याने घाईने कागद उचलले.

"रेष एवढंच सांगते की बोल्ट आत्ता त्या जागी आहे," मी म्हटलं. "मधल्या काळात तो कुठे फिरून आला, हे ती सांगत नाही. आणि दुसरं ऐका. बोल्ट धक्क्याने सैल झाले असते तर एक इथे थांबला असता, दुसरा तिथे. तिन्ही सैल आणि तिन्ही बरोबर रेषेवर, हे धक्क्याने होत नाही."

"किंवा मग ते मुळात कसलेच नव्हते आणि रेष तशीच ओढली. अहवाल तेच म्हणतो."

मुद्दा बरोबर होता. मी तो मान्य केला, कारण चिडले तरी मला हिशेब कळतो. मग मी चौकट खाली उतरवायला सांगितली. धम्मदीपने दोन पंच बोलावले, क्रेनवाल्याला बोलावलं आणि सगळं लिहून घेतलं. तो माणूस मला तेव्हापासून आवडू लागला.

तिन्ही जागच्या कॉलर निघाल्या. वरच्या कॉलर भोकात इतक्या घट्ट बसल्या होत्या की स्क्रूड्रायव्हरने ठोकून काढाव्या लागल्या. खालच्या प्रत्येक कॉलरच्या तोंडावर बोल्टाच्या वॉशरने गोल खाच पाडली होती. मी खोली मोजायचा व्हर्निअर लावला. तिन्ही खाचा सारख्याच खोल भरल्या. ॲल्युमिनियम मऊ असतं, पण अशी खाच हाताने कसलेल्या बोल्टाने पडत नाही. त्याला पुरता जोर लागतो.

"लिहा," मी म्हटलं. "हे बोल्ट एकदा पूर्ण कसले गेले होते. नंतर कोणीतरी सैल केले."

धम्मदीप थांबला. "आणि चौथी जोडी? ती बोल्टाबरोबर रस्त्यावर पडली असेल."

मी टॉर्च घेऊन चौथ्या भोकात पाहिलं. आत ग्रीसचं गोल कडं होतं, म्हणजे कॉलर तिथे बसलेली होती. त्या कड्यातून एका बोटाचा पुसल्यासारखा पट्टा गेला होता. बाकी तीन वरच्या कॉलर ठोकल्याशिवाय निघाल्या नव्हत्या. ही आपोआप पडणं शक्य नव्हतं.

"कॉलर पडली नाही, साहेब," मी म्हटलं. "कोणीतरी काढून नेली."

४

पहिला संशय निवृत्तीवर. कॉलर बसवल्यावर चाकांची रेषा तपासून घ्यायची असते. त्यासाठी शुक्रवारी गाडी लोणावळ्यातल्या निवृत्तीच्या अलाइनमेंट सेंटरवर गेली होती. रॅम्प त्याच्याकडे, पाने त्याच्याकडे आणि सत्यमबद्दलचा आकस तर पंचक्रोशीला माहीत.

"आकस आहेच," निवृत्ती म्हणाला. "माझी अर्धी गिऱ्हाइकं तिकडे नवलाख उंबऱ्याला जातात. घाट उतरून! आता जातील का बघतो."

"म्हणून बोल्ट ढिले केलेत?"

तो उठून उभा राहिला. वाटलं अंगावर येतो की काय. पण त्याने खण उघडला आणि एक कागद माझ्यापुढे टाकला. शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच. डाव्या आणि उजव्या चाकाचे आकडे सारखे आणि स्टिअरिंग मध्यावर.

"मला त्या पोराचा राग आहे. पण खोटा कागद मी काढत नाही," तो म्हणाला. "इतकी सरळ गाडी या महिन्यात माझ्या रॅम्पवर चढलेली नाही. मी काही न करता खाली उतरवली. पैसे सुद्धा तपासणीचेच घेतले. विचारा विहंगला."

विहंग म्हणजे श्रद्धाचा नवरा, लोणावळ्यातच तुंगार्लीला राहणारा, गाड्यांचा शौकीन. गाडी आणि हौस त्याची, आणि पोलिसांतली तक्रारही त्याचीच होती.

कागद घेऊन मी निघाले. म्हणजे शुक्रवारी साडेपाचला चौकट जागेवर होती. पण कागद छापल्यावर गाडी रॅम्पवरच होती आणि निवृत्ती तिच्याखाली एकटाच होता. हे त्यालाही कळत असावं, कारण मी जाताना तो म्हणाला, "मॅडम, मी हे केलं असतं ना, तर तुम्हाला हा कागद दाखवलाच नसता."

५

गुरुवारी सकाळी दवाखान्यात गेले. श्रद्धाचा पाय वजन बांधून टांगलेला होता. शेजारी विहंग बसला होता आणि खिडकीपाशी एक तरतरीत माणूस मोसंबी सोलत होता. विहंगचा मित्र रुचिर. पूर्वी सत्यम ज्या कारखान्यात होता तिथेच लाइन इंजिनीअर, म्हणजे सत्यमचा साहेब. आता सुदुंबऱ्याला त्याचा स्वतःचा सुटे भाग बनवायचा कारखाना होता.

"सत्यमची वकिली करायला आलात?" विहंगने विचारलं.

"सत्य शोधायला. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा."

श्रद्धाच बोलली. "विचारा. मला कळायलाच हवं."

"स्टिअरिंग कसं होतं? एकेक दिवस सांगा."

"शुक्रवारी रात्री छान होतं. शनिवारी सकाळी शाळेत गेले, तेव्हाही. मी विहंगला म्हटलंसुद्धा, खर्च वाया नाही गेला तुझा. पण शनिवारी संध्याकाळी भाजी आणायला निघाले तर सरळ जायला स्टिअरिंग थोडं वाकडं धरावं लागत होतं. ब्रेक दाबला की टक वाजायचं."

निवृत्ती सुटला. शनिवारी सकाळपर्यंत गाडी सरळ होती. घात शनिवारी दुपारी झाला होता.

"दुपारी गाडी कुठे होती?"

"बारा ते पाच माझ्याकडे," रुचिर सहज म्हणाला. "फरक जाणवतो का बघायला फिरवून आणली. पवनेच्या धरणापर्यंत."

"आणि पाचनंतर माझ्या दारात," विहंग म्हणाला. "मी स्वतः टॉर्च घेऊन खाली शिरलो होतो. आपलं काम बघायला आवडतं मला. जॅकही आहे माझ्याकडे. घाला मलाही यादीत."

"घातलंय."

रुचिर हसला. "मॅडम, उगाच त्रास करून घेताय. आमच्या लाइनवर रेष जुळली की गाडी पुढे जायची. रेष म्हणजे रेष. सर्व्हेअरलाही मी तेच समजावलं."

"तुम्ही समजावलंत?"

"अर्थात. त्याला कुठे माहीत होतं ते काय आहे."

मोसंबीची फोड त्याने श्रद्धाला दिली. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले आणि मग एक साधा प्रश्न माझ्या मनात आला. रेष जुळवायची गरज कोणाला पडते? विहंगने स्वतःची गाडी उघडली असती तर त्याला कोणापासून लपवायचं होतं? पुन्हा कसून तो मोकळा झाला असता. दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याच्या नकळत जो उघडतो, त्यालाच सगळं होतं तसं दिसायला हवं असतं. पण संशयावर कोणी कोणाला सोडवत नाही, आणि मला घड्याळात चोवीस तास सुद्धा दिसत नव्हते.

६

सुदुंबऱ्याला दुपारी पोचले तेव्हा रुचिर अजून लोणावळ्यातच होता. कारखान्यात अंबाजी नावाचे, लेथवर काम करणारे वयस्क टर्नर होते. मी आयटीआयची बाई म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली. कोपऱ्यात गाडी उचलायची लिफ्ट होती.

"काय काय बनवता, अंबाजी भाऊ?"

त्यांनी पिना दाखवल्या, बुश दाखवले. कामात हात बसलेला माणूस, त्यामुळे कौतुक केलं की खुलायचा. मी मनापासून कौतुक केलं. शेवटी ते म्हणाले, "नवीन मालबी हाय. सायब सोमवारी म्हनले थांबवा, डब्यात घाला. का कुनाला ठाऊक. चांगला झालता माल."

त्यांनी पत्र्याचा डबा उघडला. आत कॉलर होत्या, पन्नासेक. नव्या आणि चकचकीत.

"सँपल कुठून आलं?"

"शनवारी आमची सुट्टी असती. ऐतवारी सकाळी आलो तर टेबलावर येक जोडी आनि सायबांची चिठ्ठी, तंतोतंत अशा पाडा म्हून. सँपल मंग त्यांनीच परत नेलं."

मी एक खालची कॉलर उचलली. तिच्या तोंडावर गोल खाच होती. नव्या, कधीच कुठल्या गाडीला न लागलेल्या कॉलरवर.

"ही खाच कशाला, भाऊ?"

"सँपलवर व्हती." ते थोडे दुखावले. "सँपलवर हाय ते समदं पाडायचं. आपुन आपलं डोकं लावायचं न्हाई."

मी पर्समधून व्हर्निअर काढला. आकडा तोच आला. चौकीतल्या तीन खाचांचा.

"अंबाजी भाऊ," मी म्हटलं, "उद्या अकरा वाजता हा डबा घेऊन माझ्याबरोबर येणार का? तुमची नोकरी जाईल कदाचित, ते आधी सांगते."

७

शुक्रवारी चौकीत सगळे होते. कागद तयार होता. कोंडाजींनी पेनसुद्धा आपलंच आणलं होतं. सत्यम बाकावर मान घालून बसला होता, अपेक्षा त्याच्याशेजारी. विहंगबरोबर रुचिरही आला होता, साक्षीदार म्हणून सही करायला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, साक्षीदार म्हणून सही करणारा चोर मी पहिल्यांदाच बघत होते.

मी धम्मदीपच्या टेबलावर चार कॉलर ठेवल्या. तीन चौकीत जमा असलेल्या, ग्रीसने काळ्या पडलेल्या, एक नवी.

"ही नवी कोणाची?" धम्मदीपने विचारलं.

"माझी," रुचिर म्हणाला. "माझ्या कारखान्यातली. तुम्ही परवानगीशिवाय..."

"परवानगीचं तुम्ही बोलू नका," मी म्हटलं. "ही खाच कशासाठी आहे, इंजिनीअर साहेब?"

त्याने कॉलर बोटांत फिरवून परत ठेवली.

"सांगता येणार नाही, कारण तिचा काही उपयोगच नाही. नवी कॉलर तोंडाला सपाट असते. खाच पडते ती बोल्ट शंभरावर कसल्यावर, वॉशरच्या दाबाने. तुम्ही नव्या कॉलरची नक्कल केली नाही. एकदा बसून दाबली गेलेली कॉलर तुम्ही सँपल म्हणून दिलीत आणि अंबाजींनी दाबासकट तिची नक्कल केली. ते त्यांचं काम चोख करतात. ही खाच आणि चौकीतल्या तीन खाचा सारख्याच खोल आहेत. चौथी जोडी विहंगच्या गाडीतून गेली आणि ती तुमच्या टेबलावर पोचली. आणि ती दाबली गेली होती, म्हणजे चौथा बोल्टही सत्यमने पुरता कसला होता. तुमच्याच मालावर ते छापून आलंय."

अंबाजी दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "चिठ्ठी हाय माज्याकडं साहेब. शनवारची तारीख हाय."

"तुम्हाला कॉलर विकायच्या होत्या," मी पुढे म्हटलं. "संच मागवायला वेळ लागतो, मित्राची गाडी हाताशी होती. लिफ्टवर घेतलीत, चौकट उतरवलीत, एक जोडी काढलीत. आठवड्याने परत घालू म्हणालात मनात. मग बोल्ट कसले. पण कॉलर नसल्यावर चौथा बोल्ट रेषेच्या पुढे गेला. बाकीचेही थोडे पुढे गेले, कारण एकदा दाबलेल्या कॉलर दुसऱ्यांदा आणखी आत बसतात. आता रेष तुटलेली दिसणार. पुसून नवी ओढावी तर अपेक्षाची नेलपॉलिश तुमच्याकडे कुठून येणार? मग तुम्ही काय केलंत?"

रुचिर एक पाऊल दाराकडे सरकला.

"काय केलंत ते मीच सांगते, कारण तुम्हाला सांगायला लाज वाटायला हवी. कसलेले चार बोल्ट तुम्ही उलटे फिरवलेत. रेष जुळेपर्यंत. घट्ट बोल्ट सैल केलात, तो घट्ट दिसावा म्हणून!" माझा आवाज चढला आणि मी तो खाली आणला नाही. "शिकाऊ पोरगंही असं करणार नाही. त्याला बोल्ट कळतो. तुम्हाला फक्त रेष कळते. आणि मग त्याच रेषेने तुम्ही माझ्या पोराला अडकवलंत."

"अगदी थोडे फिरवले होते," रुचिर पुटपुटला. "थोड्याने काही होत नाही. रेष जुळली होती."

विहंग खुर्चीतून उठला होता. तो इतका शांत बोलला की सगळ्यांनी ऐकलं. "शनिवारी रात्री मी तुला फोन केला. श्रद्धा म्हणते स्टिअरिंग वाकडं आहे, टक वाजतंय. तू काय म्हणालास?"

विहंगने टेबलावरची नवी कॉलर उचलून त्याच्यापुढे धरली.

"तू म्हणालास, नव्या कॉलर बसायला वेळ लागतो. चालवू दे."

कोंडाजीच पहिले सावरले. "हे बघा, झालं ते झालं. शिकलेलं पोरगं हाय, चुकलं. केस करून कुनाचं भलं झालंय? बसून मिटवू. सत्या, तू सांग सायबांना."

सगळे सत्यमकडे बघू लागले. मला तोंड उघडायचं होतं. जीभ अक्षरशः टाळ्याला लागली होती, पण मी ती तिथेच धरून ठेवली. हे त्याचं त्यालाच बोलायचं होतं.

सत्यम उठला. टेबलावरचा तयार कागद त्याने उचलला, वाचला आणि घडी न करता फाडला. "न्हाई आबा," तो म्हणाला. "त्या म्याडमचं हाड मोडलं. ते बसून मिटत न्हाई." मग धम्मदीपकडे वळला. "साहेब, माझा जबाब घ्या. बोल्ट मी कसला व्हता. शंभरावर. हिनं तपासला व्हता."

विहंग त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला. "माझी तक्रारही बदलायची आहे," तो म्हणाला. "नाव बदलायचंय."

धम्मदीपने रुचिरला खुर्ची दाखवली आणि दारातल्या शिपायाला तिथेच थांबायला सांगितलं. मग नवा कागद ओढून घेतला, पेन झटकलं. "नाव?"

"सत्यम."

"राहणार?"

"नवलाख उंबरे, तालुका मावळ."

"व्यवसाय? आधीच्या कागदावर शेती लिहिलं होतं. तेच ठेवू?"

"मेकॅनिक," सत्यम म्हणाला. आणि मग चुलत्याकडे तोंड करून, सगळ्या चौकीला ऐकू जाईल अशा आवाजात, पुन्हा एकदा म्हणाला, "मेकॅनिक लिवा, साहेब."